जेफरसनचं चरित्र तपासायचं कसं? नव्या परीक्षकांसाठी मार्गदर्शन

थॉमस जेफरसन या अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं सहाशे-सातशे पानांचं चरित्र हातात आलं, की नवा परीक्षक पहिल्या पानापासून वाचायला बसतो. भाषा ओघवती असते, प्रसंग रंगतात, आणि शेवटी जे लिहून होतं तो जेफरसनच्या आयुष्याचा गोषवारा असतो. त्यात चरित्रकाराचं काम कुठेच तपासलेलं नसतं. अभ्यासपूर्ण चरित्राचा कस मागच्या टिपांमध्ये लागतो. कोणत्या विधानामागे कोणता कागद आहे, तो कागद कधीचा आहे, आणि त्याचा अर्थ लावताना लेखकाने सगळ्यांना एकच माप लावलं का, हे पाहणं म्हणजे परीक्षण. हे काम शिकून येतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

जेफरसन इथे उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण त्याने स्वतः लिहिलेली सुमारे १९,००० पत्रं मानली जातात आणि त्यांतली बहुतेक आज घरबसल्या फुकट वाचता येतात. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, मॅडिसन यांच्या चरित्रांनाही हीच रीत चालते. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी साल पाहा, मग प्रकाशक

पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं ते मुखपृष्ठामागच्या पानावर पाहा. नवी आवृत्ती आणि नवं पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. २०१० चं मुखपृष्ठ असलेल्या पुस्तकातला मजकूर १९७० चा असू शकतो.

जेफरसनच्या बाबतीत चार सालं लक्षात ठेवावीत. १९५० साली ज्युलियन बॉइड यांच्या संपादनाखाली प्रिन्स्टन विद्यापीठाने जेफरसनच्या कागदपत्रांचा पहिला खंड काढला. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली अशी दोन्ही बाजूंची पत्रं तारखेच्या क्रमाने छापायला तिथून सुरुवात झाली. जेफरसनच्या गुलामगिरीतल्या सॅली हेमिंग्जच्या मुलांचा बाप जेफरसनच होता का, हा जुना वाद आहे; १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याबद्दलच्या डीएनए चाचणीचा निकाल 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. २००० च्या जानेवारीत, जेफरसनचं घर मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाने त्यावरचा आपला अहवाल जाहीर केला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 'फाउंडर्स ऑनलाइन' हे संकेतस्थळ खुलं केलं. पुस्तक यांपैकी कोणत्या सालाच्या आधीचं आणि कोणत्याच्या नंतरचं आहे, यावर तुम्ही लेखकाकडून काय मागू शकता हे ठरतं.

ड्युमस मलोन यांचं सहा खंडांचं चरित्र १९४८ ते १९८१ या काळात आलं. त्यात डीएनए नाही म्हणून त्यांना दोष देणं अन्यायाचं आहे. मात्र सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याची १८७३ साली छापलेली निवेदनवजा आठवण त्यांच्यासमोर होती. तिला त्यांनी किती वजन दिलं आणि का, हा प्रश्न त्यांना विचारता येतो, विचारायलाच हवा. लेखकाच्या काळात जे उपलब्ध होतं त्यावरच त्याला तोलायचं.

प्रकाशकाचं मोजक्या शब्दांत सांगण्यासारखं आहे. विद्यापीठीय प्रकाशन हस्तलिखित छापण्याआधी बाहेरच्या अभ्यासकांकडे वाचायला पाठवतं. व्यावसायिक प्रकाशक सहसा तसं करत नाही. म्हणून व्यावसायिक प्रकाशनाचं पुस्तक वाईट ठरत नाही, पण त्याच्या टिपा जास्त कसून तपासाव्या लागतात. २०१२ साली एका अमेरिकी प्रकाशकाला जेफरसनवरचं पुस्तक त्यातल्या तथ्यांबद्दलच्या आक्षेपांमुळे बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं. ते तोवर खूप खपलंही होतं. खप आणि खरेपणा यांचा संबंध नाही.

पुस्तक मागून वाचायला घ्या

पहिला तास मागच्या पानांना द्या. आधी संक्षेपांची यादी पाहा. 'पीटीजे' असा संक्षेप दिसला की तो प्रिन्स्टनच्या खंडांचा असतो, आणि १८०९ नंतरच्या काळासाठी 'निवृत्ती मालिका' म्हणून वेगळी खंडमाला आहे; तिचा पहिला खंड २००४ चा. आता पाहा, लेखक कोणत्या आवृत्तीतून पत्रं घेतोय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोर्डने दहा खंड काढले होते, आणि १९०३-०४ मध्ये लिप्सकोम आणि बर्ग यांनी वीस. दोन्हींमध्ये निवडक पत्रं आहेत, चुका आहेत, आणि समोरच्याचं पत्र बहुधा नाही. प्रिन्स्टनच्या खंडात छापून आलेलं पत्र एखादा आजचा लेखक लिप्सकोम-बर्गमधून उद्धृत करत असेल, तर त्याने ते मूळ साधनात शोधलं नाही, कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून उचललं, अशी शंका घ्यायला जागा आहे. अशा टिपा मोजून ठेवा. एखाद-दुसरी चालते. पानोपानी दिसली तर पुस्तकाचा पाया दुसऱ्यांच्या पुस्तकांवर उभा आहे.

वॉशिंग्टनच्या चरित्रात हीच जागा जॅरेड स्पार्क्सची आहे. १८३४ ते १८३७ या काळात वॉशिंग्टनची पत्रं छापताना त्याने शुद्धलेखन सुधारलंच, शिवाय त्याला हलके वाटलेले शब्दप्रयोगही बदलले. त्याच्या खंडांतून घेतलेलं वॉशिंग्टनचं वाक्य वॉशिंग्टनचं आहे याची खात्री नसते.

मग शब्दसूची. 'गुलामगिरी' या नोंदीखाली किती पानं आहेत ते पाहू नका, नावं पाहा. एलिझाबेथ हेमिंग्ज, जेम्स हेमिंग्ज, आयझॅक जेफरसन, इझ्राएल गिलेट ही माणसं सूचीत स्वतंत्रपणे आहेत का? जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. त्यांतली काही नावानिशी, तारखेनिशी, कामधंद्यानिशी त्याच्याच शेतवहीत सापडतात. ती चरित्रात आली नसतील तर लेखकाने शेतवही उघडली नाही, किंवा उघडून बाजूला ठेवली.

नंतर कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब करा. जेफरसनच्या ८३ वर्षांचे सहा भाग पाडा: १७७५ पर्यंतचा काळ, १७७६ ते १७८४, पॅरिसची वर्षं १७८४ ते १७८९, मंत्रिपद आणि पक्षकारण १७९० ते १८००, अध्यक्षपद १८०१ ते १८०९, आणि शेवटची सतरा वर्षं. प्रत्येकाला किती पानं मिळाली ते लिहा. चरित्र समतोल असलंच पाहिजे असा नियम नाही, पण असमतोल कुठे आहे ते कळलं पाहिजे. अध्यक्षपदाची पहिली कारकीर्द, म्हणजे १८०३ ची फ्रान्सकडून केलेली दीड कोटी डॉलरची लुईझियाना प्रदेशाची खरेदी, लेखकांना लिहायला आवडते. दुसऱ्या कारकिर्दीतली व्यापारबंदी अनेकजण उरकतात. डिसेंबर १८०७ च्या त्या कायद्यानंतर अमेरिकेची निर्यात एका वर्षात सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली, आणि मार्च १८०९ मध्ये, अध्यक्षपद सोडता सोडता, जेफरसनला तो कायदा रद्द झालेला पाहावा लागला. मर्यादित सरकारचा पुरस्कर्ता स्वतःच्याच बंदरांवर एवढी सक्ती कशी करू लागला, याचं उत्तर शोधायला दहा पानंही मिळाली नसतील, तर ती उणीव आहे.

शेवटचं प्रकरण कुठे संपतं तेही याच वेळी पाहा. ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स दोघंही गेले. इतका घडीव शेवट कुणाला मोहात पाडणार नाही? पण जेफरसनच्या डोक्यावर १,०७,००० डॉलरहून अधिक कर्ज होतं. आयुष्यात दोघांना आणि मृत्युपत्राने पाच जणांना त्याने मुक्त केलं. बाकीचे मालमत्तेत मोजले गेले. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवर १३० माणसांच्या लिलावाची जाहिरात लागली, आणि घरंच्या घरं फुटली. ४ जुलैला पडदा पाडणाऱ्या चरित्राने हिशेब अर्धाच सांगितला. ही बाब परीक्षणात नोंदवायला संकोच करू नका.

वीस टिपांची तपासणी

परीक्षणाचा गाभा हाच आहे, म्हणून घाई करू नका. दोन संध्याकाळी लागतील.

मुख्य मजकुरातून वीस टिपा निवडा. निवड अशी करा: सहा कालखंडांतून प्रत्येकी तीन, आणि उरलेल्या दोन जिथे लेखक सर्वांत ठाम बोलतो तिथल्या. तुम्हाला आवडलेल्या वाक्यांच्या टिपा घेऊ नका. प्रत्येक प्रकरणातली, समजा, सातवी टीप घ्या, म्हणजे निवडीत आवडनिवड शिरत नाही. वहीत रकाने आखा: विधान काय, टीप कोणत्या साधनाकडे जाते, ते साधन घटनेच्या वेळचं की नंतरचं, मूळ शब्द जुळतात का, संदर्भ जुळतो का.

साधनांची प्रतवारी मराठी वाचकाला नवी नाही. शिवकाळावर वाचणाऱ्याला अस्सल पत्र आणि दोन पिढ्यांनंतरची बखर यांच्या वजनात काय फरक असतो ते ठाऊक असतं. तोच विवेक इथे हवा. जेफरसनच्या बाबतीत सर्वांत वर येतात त्या वेळची पत्रं, त्याच्या हिशेबाच्या वह्या आणि पत्रांची नोंदवही. १७६७ पासून मरेपर्यंत तो रोजचा खर्च टिपत होता, त्यामुळे अमुक दिवशी तो कुठे होता हे बहुतेक वेळा सांगता येतं. १७८३ पासून आलेल्या-गेलेल्या पत्रांची यादीही त्याने ठेवली, म्हणून हरवलेली पत्रंसुद्धा 'होती' हे कळतं. त्याखाली येतात त्याची स्वतःची उशिराची लेखनं: १८२१ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी सुरू केलेलं आणि १७९० पाशी थांबलेलं आत्मकथन, आणि 'अनास' नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजकीय टिपणांना १८१८ मध्ये जोडलेली प्रस्तावना. त्याखाली नातवंडांच्या आणि इतरांच्या आठवणी. सगळ्यांत शेवटी इतर चरित्रकार.

आता 'फाउंडर्स ऑनलाइन' उघडा. लेखक, ज्याला पत्र लिहिलं तो, आणि तारीख एवढं भरलं की पत्र सापडतं. पत्राखाली संपादकांच्या टिपा असतात. त्या न वाचता पुढे जाऊ नका, कारण कोणती प्रत छापली, मसुदा की पाठवलेली, हे तिथेच सांगितलेलं असतं. १८०४ पासून जेफरसन दोन लेखण्यांचं एक यंत्र वापरत होता, त्याने पत्राची नक्कल हात चालता चालताच तयार होई. त्याआधी दाबयंत्राच्या पुसट प्रती होत्या. काही पत्रांवर 'अर्ली अ‍ॅक्सेस' असा शिक्का दिसेल. म्हणजे तो मजकूर अजून अंतिम तपासणीतून गेलेला नाही. तिथे चरित्रकाराचा शब्द वेगळा आढळला तर लगेच चूक काढू नका.

छापील खंड आणि तारीख जुळतात का हे तपासणं सोपं आहे आणि बऱ्याचदा काहीतरी हाती लागतं. प्रिन्स्टनचा बारावा खंड ऑगस्ट १७८७ ते मार्च १७८८ चा आहे. १७९३ च्या पत्रासाठी कुणी बारावा खंड दिला असेल, तर टीप कुठून तरी चुकीची उतरवली गेली.

शब्द जुळले म्हणजे काम संपलं असं नाही. एक पत्र जवळून पाहू. ३ जानेवारी १७९३ ला परराष्ट्रमंत्री जेफरसनने फिलाडेल्फियाहून विल्यम शॉर्टला लिहिलं. शॉर्ट पॅरिसमध्ये त्याचा सचिव होता आणि आता युरोपातच अमेरिकेचा राजनैतिक प्रतिनिधी होता. फ्रेंच क्रांतीतल्या सप्टेंबरच्या कत्तलींत शॉर्टचे जवळचे लोक मारले गेले होते आणि तो क्रांतिकारकांवर कडक शब्दांत लिहीत होता. या पत्रातलं एक वाक्य सगळीकडे फिरतं: प्रत्येक देशात एकच आदम आणि एकच ईव्ह उरली, पण स्वतंत्र उरली, तर ते आजच्यापेक्षा बरं. जेफरसनला रक्तपिपासू ठरवणारा चरित्रकार एवढंच वाक्य देतो. त्याला जपणारा ते गाळतो, किंवा 'भावनेच्या भरात' म्हणून सोडून देतो. पूर्ण पत्र वाचलं की तीन गोष्टी दिसतात. बळी गेलेल्यांसाठी आपल्याला दुःख आहे, काहींचं आयुष्यभर राहील, असं तो आधी म्हणतो. ते युद्धात पडल्यासारखे पडले, असा युक्तिवाद तो त्यांच्याच बाबतीत करतो. आणि फ्रान्सबद्दल खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टनचं मत काय आहे, हे तो शॉर्टला सुनावतो. म्हणजे हे मित्राला लिहिलेलं खासगी पत्र आहे आणि वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेली समजही आहे. चांगला चरित्रकार ते वाक्य देतो, त्याआधीचं दुःख देतो, त्यातली अधिकाराची बाजू सांगतो, आणि मग जबाबदारीने मत मांडतो. ते मत तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

वाक्यातली तीन टिंबं म्हणजे धोक्याची जागा. टिंबांनी काय गाळलं ते मूळ पत्रात पाहा. गाळलेल्या भागाने अर्थ फिरत असेल, तर ती परीक्षणातली सर्वांत गंभीर नोंद ठरते. तारखेची चूक, नावाच्या स्पेलिंगची चूक, पान एकाने मागे-पुढे होणं, हे सहाशे पानांच्या पुस्तकात होतंच. अशा चुकांची लांबलचक यादी देऊन परीक्षण भरू नका. आणखी एक नेहमीचा घोटाळा म्हणजे जेफरसनला आलेल्या पत्रातलं मत जेफरसनच्या तोंडी घालणं. इंटरनेटवर त्याच्या नावावर खपणारी, त्याने कधीच न लिहिलेली वाक्यं तर भरपूर आहेत. मॉन्टिसेलोच्या संकेतस्थळावर अशा बनावट अवतरणांच्या नोंदी ठेवल्या आहेत. पुस्तकातलं एखादं फार चटकदार, फार आजचं वाटणारं वाक्य तिथे जाऊन पाहावं.

वीसपैकी दोन टिपा ढिल्या निघाल्या तर तसं लिहून पुढे जा. पाच-सहा निघाल्या तर आणखी वीस तपासल्याशिवाय मत देऊ नका.

तीन ठरलेल्या कसोट्या

टिपांची निवड कुठूनही करा, पण खालच्या तीन जागा प्रत्येक जेफरसन-चरित्रात उघडून पाहाव्यात.

पहिली, जाहीरनाम्यावरच्या सह्या. ४ जुलै १७७६ च्या संध्याकाळी हजर सभासदांनी, डिकिन्सन सोडून, सह्या केल्या असं जेफरसन आत्मकथनात सांगतो. काँग्रेसच्या कामकाजाची नोंद वेगळं सांगते: चर्मपत्रावर सुवाच्य प्रत काढण्याचा ठराव १९ जुलैचा आणि त्या प्रतीवर सह्या २ ऑगस्टला सुरू झाल्या. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घटनेबद्दलही स्वतः हजर असलेल्याची साक्ष घसरते, हे इथे कळतं. लेखकाने आत्मकथन जसंच्या तसं उचललं असेल, तर इतरत्रही त्याने जेफरसनला स्वतःचा साक्षीदार होऊ दिलं असणार. तिथे तपासणी वाढवा.

दुसरी, जून १७९० ची मेजवानी. जेफरसनच्या घरी अर्थमंत्री हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले, राज्यांची कर्जं केंद्राने घ्यायची आणि राजधानी पोटोमॅकच्या काठी न्यायची असा सौदा ठरला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिचा तपशीलवार साक्षीदार एकटा जेफरसन, आणि त्याने ती नंतर, हॅमिल्टनशी बिनसल्यावर लिहिली. आपण फसलो, हा त्याचा सूर आहे. सौद्याने खरंच मतं फिरली का, की ती आधीच जुळत आली होती, यावर १९७०-७१ मध्ये 'विल्यम अँड मेरी क्वार्टरली' या नियतकालिकात दोन अभ्यासकांचा वाद झाला. राजधानीचा कायदा १६ जुलैला आणि कर्जाचा ४ ऑगस्टला झाला. चरित्रकाराने संवाद रंगवून मेजवानी वाढली असेल, तर एवढंच पाहा: साक्षीदार एकच आहे हे वाचकाला सांगितलं का?

तिसरी कसोटी सर्वांत कठीण: सॅली हेमिंग्ज. इथे लेखकाचं उत्तर काय यापेक्षा तो उत्तरापर्यंत कसा पोहोचला हे तपासा. पुरावे असे आहेत. सप्टेंबर १८०२ मध्ये पत्रकार जेम्स कॅलेंडरने रिचमंडच्या वर्तमानपत्रात जेफरसनला सॅलीपासून मुलं असल्याचा आरोप छापला. तो जेफरसनवर चिडलेला होता, म्हणून त्याचा शब्द एकट्याने पुरत नाही. जेफरसनच्या हिशेबवह्यांवरून दिसतं, की सॅलीच्या ज्ञात अपत्यांपैकी प्रत्येकाच्या गर्भधारणेच्या सुमाराला तो मॉन्टिसेलोवर होता. १८७३ मध्ये तिचा मुलगा मॅडिसन याने ओहायोतल्या वर्तमानपत्रात जेफरसन आपला बाप असल्याचं सांगितलं. उलट बाजूला जेफरसनची नातवंडं. त्यांनी भाच्यांकडे, कार बंधूंकडे बोट दाखवलं. मात्र नात एलेन कूलिजने १८५८ च्या पत्रात सॅम्युएल कारचं नाव घेतलं, तर नातू थॉमस जेफरसन रँडॉल्फच्या सांगण्यावरून पुढे आलेलं नाव होतं पीटर कारचं.

मॅडिसन हेमिंग्जचं निवेदन उशिराचं आहे, म्हणून कित्येक दशकं ते दुय्यम मानलं गेलं. नातवंडांची निवेदनंही तितकीच उशिराची होती, शिवाय एकमेकांशी न जुळणारी, तरी ती प्रमाण धरली गेली. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ मध्ये, डीएनए चाचणीच्या आधीच, नेमका हाच दुजाभाव उघड केला. त्या कायद्याच्या अभ्यासक. साक्षीदाराला साक्षीदारासारखं तपासा, एवढीच त्यांची मागणी होती.

डीएनएबद्दल लेखक काय म्हणतो ते शब्दाशब्दाने वाचा. जेफरसनचा मुलगा जगला नसल्यामुळे चाचणी त्याचा काका फील्ड जेफरसन याच्या पुरुषवंशजांची आणि सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या एका वंशजाची झाली. वाय गुणसूत्र जुळलं. कार घराण्याचं जुळलं नाही. याचा काटेकोर अर्थ असा, की एस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता आणि त्या बाबतीत कार बंधू बाद झाले. 'डीएनएने सिद्ध झालं' असं लिहिणारा जास्त सांगतो, आणि 'डीएनएने काहीच सिद्ध झालं नाही' म्हणणारा कमी. चाचणी, हिशेबवह्या, हेमिंग्ज घराण्याची साक्ष आणि त्या मुलांची मुक्तता हे सगळं एकत्र ठेवल्यावर २००० च्या अहवालाने एस्टनचं पितृत्व अत्यंत संभाव्य आणि सहाही मुलांचं बहुधा जेफरसनकडेच जाणारं ठरवलं. आज बहुसंख्य इतिहासकार तिथेच उभे आहेत. २००१ मध्ये एका अभ्यासगटाच्या बहुमताने विरोधी निष्कर्ष काढला, तोही लेखकाने सांगायला हवा. या प्रकरणाला पुस्तकात एक परिशिष्ट आणि बाकी सहाशे पानांत शांतता, अशी मांडणी दिसली तर ती नोंदवा. सॅली हेमिंग्ज कित्येक दशकं त्या घरात होती.

जिथे कागदच नाही

१ फेब्रुवारी १७७० ला शॅडवेलचं घर जळालं आणि जेफरसनची बरीचशी सुरुवातीची पुस्तकं आणि कागद गेले. पत्नी मार्था १७८२ मध्ये वारली. दोघांमधला पत्रव्यवहार आज हाती नाही. म्हणजे बालपण आणि दहा वर्षांचा संसार या दोन ठिकाणी चरित्रकार जवळजवळ रिकाम्या जमिनीवर चालतो. तिथली पन्नास पानं पेन्सिल घेऊन वाचा. 'वाटलं असेल', 'नक्कीच जाणवलं असणार', 'त्या रात्री त्याच्या मनात' अशा प्रत्येक जागेखाली रेघ मारा. अनुमान करणं गैर नाही, अनुमानाशिवाय चरित्र लिहिता येत नाही. मात्र पान ३० वर 'असावं' म्हणून आलेली गोष्ट पान ९० वर 'होतं' झाली का, हे पाहा. हा दोष टिपांमध्ये सापडत नाही, कारण अनुमानाला टीपच नसते. चिकित्सक वाचनातला हा सर्वांत उपयोगी सराव आहे.

वॉशिंग्टनच्या चरित्रात हीच रिकामी जागा त्याच्या संसारात आहे, कारण मार्था वॉशिंग्टनने त्यांचा पत्रव्यवहार नष्ट केला आणि मोजकीच पत्रं उरली. बालपणी चेरीचं झाड तोडल्याची गोष्ट पाद्री वीम्सच्या पुस्तकात १८०६ च्या आवृत्तीत आली, तिला समकालीन आधार नाही. जॉन आणि अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सची मात्र अकराशेहून अधिक पत्रं आहेत. तिथे अडचण विपुलतेची, आणि निवड कशी केली हे तपासायचं. मॅडिसनने संविधान परिषदेची आपली टिपणं पुढे अनेक वर्षं दुरुस्त केली. ती १७८७ ची जशीच्या तशी साक्ष म्हणून वापरणाऱ्या लेखकाकडे खुलासा मागा.

इतरांची परीक्षणं कधी वाचायची

स्वतःच्या नोंदी पूर्ण झाल्यावर, आधी नाही. आधी वाचली की त्यांचेच दोष दिसत राहतात. 'जर्नल ऑफ अमेरिकन हिस्टरी', 'जर्नल ऑफ द अर्ली रिपब्लिक', 'विल्यम अँड मेरी क्वार्टरली' ही तीन पुरेशी आहेत. जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहाच्या मोफत खात्यावर मर्यादित लेख वाचता येतात, एच-नेट या अभ्यासकांच्या संकेतस्थळावरची परीक्षणं सर्वांना खुली आहेत. वर्तमानपत्री परीक्षणं पुस्तकानंतर काही आठवड्यांत येतात आणि शैलीवर बोलतात. अभ्यासकांची वर्ष-दोन वर्षांनी येतात आणि साधनांवर बोलतात. दोन अभ्यासक एकमेकांच्या उलट बोलत असतील तर त्या मुद्द्याच्या टिपा पुन्हा काढा.

लिहिताना

हजार ते बाराशे शब्दांच्या परीक्षणात जेफरसनच्या आयुष्याला दीडशेपेक्षा जास्त शब्द देऊ नका. लेखकाचा मुख्य दावा त्याच्या प्रस्तावनेतून शोधून आपल्या शब्दांत, दोन वाक्यांत मांडा. तो सापडत नसेल तर तेच लिहा. मग तपासलेल्या टिपांवरून साधनांबद्दलचं मत, त्यानंतर तीन कसोट्यांपैकी एकच कसोटी तपशिलाने. तिन्ही थोड्या थोड्या घेतल्या की एकही पटत नाही.

नव्या परीक्षकांच्या हातून दोन गोष्टी नेहमी घडतात. परीक्षण पुस्तकाचं न होता जेफरसनचं होतं, त्याच्या ढोंगीपणावर रागाने लिहिलं जातं, आणि लेखकाने तो ढोंगीपणा नीट उलगडला होता की झाकला होता हे राहूनच जातं. राग योग्य आहे; तो योग्य जागी, म्हणजे लेखकाने झाकलं असेल तिथे, खर्च करा. दुसरी गोष्ट म्हणजे लेखकाने जे पुस्तक लिहायचं ठरवलंच नव्हतं त्याची मागणी. पॅरिसच्या पाच वर्षांवरच्या ग्रंथात व्यापारबंदी नाही ही तक्रार होत नाही. एकखंडी पूर्ण चरित्रात ती नसेल तर नक्की होते.

प्रत्येक आक्षेपाला पान क्रमांक आणि पत्राची तारीख द्या, आणि कोणती आवृत्ती वापरली ते शेवटी नोंदवा. कापडी बांधणीतल्या चुका अनेकदा पुढच्या साध्या बांधणीच्या छपाईत दुरुस्त होतात. तुमचा आक्षेप छापून येण्याआधी ते एक पान नव्या छपाईत उघडून पाहा.